टेबलावरचा पाचवा पत्ता

हा दिवा असाच राहू दे. जुन्या पद्धतीचा आहे. बटण दाबलं की लागतो, बटण दाबलं की विझतो. स्वतःच्या मर्जीने काही करत नाही, म्हणूनच मी तो घेतला. तू जरा पुढे सरकून बस, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही.

त्या सकाळी मी सॉसेज रोल आणायला बाहेर पडले होते. टीमसाठी. लाच म्हण हवं तर. हिवाळा होता आणि जेरी उतरला होता. नदीवरून खाली सरकत येणाऱ्या त्या धुक्याला होबार्टमध्ये सगळे जेरीच म्हणतात, शेजारच्या घरातला कुणी चक्रम म्हातारा असावा तसं. धक्क्यावरच्या बोटींची फक्त वरची टोकं दिसत होती. कागदी पिशवीतून रोलची ऊब हाताला लागत होती आणि मी मनातल्या मनात आमच्या प्रोग्रॅमरशी, क्लेनेटशी, भांडत होते.

मी मेलबर्नची, म्हणजे या बेटाबाहेरची, समुद्रापलीकडच्या मेनलँडवरची. होबार्टला येऊन, इथे घर घेऊन, इथल्याच माणसाशी लग्न करून आणि त्याला सोडूनसुद्धा मला बराच काळ झाला होता, पण टीमच्या लेखी मी अजून ‘मेनलँडची महाराणी’च होते. त्यांच्यावर नजर ठेवायला वरून पाठवलेली. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडत नव्हते.

टीम केवढी, तर चार जणांची. रॉडी क्लेनेट हा म्हातारा प्रोग्रॅमर, हुशार आणि कडवट, सकाळी सकाळी तोंड उघडलं की कुणाचा तरी दिवस नासवणार. तेविता हा दुसरा, टोंगाचा, दरवाजात मावणार नाही एवढा मोठा आणि बोलायला मऊ. टेस्टर होती टेगन, सगळ्यांच्या कामातल्या चुका काढणं हेच तिचं काम, आणि ते ती दात ओठ खाऊन करायची. चौथी मी, मार्गो. कोड न लिहिणारी, नुसती कामं मागे लावणारी.

आम्ही एक पेटी बनवत होतो. समुद्राच्या तळाला खडकांना चिकटलेली अ‍ॅबलोनी, म्हणजे मोठाली शिंपली, काढणारे पाणबुडे असतात ना, त्यांना बोटीवरच्या कॉम्प्रेसरमधून लांब नळीने हवा जाते. ती पेटी बोटीवर राहणार, खाली पाणबुड्याचा श्वास कसा चाललाय त्याची रेघ दाखवणार आणि हवा तुटली तर अलार्म वाजवणार. हवा एकदम तुटली तर तो वाजत होता. नळीला पीळ पडून हवा हळूहळू कमी होत गेली तर मात्र वाजत नव्हता. तेवढं राहिलं होतं. आणि पंधरवड्याच्या शेवटी, शुक्रवारी, ती पेटी लावून पहिली बुडी मारणार होता कॅलन. तो टेगनचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. कुठेही वेळेवर न पोचणारा, सदान्‌कदा हसणारा, लाल दाढीचा पोरगा.

आमचं ऑफिस धक्क्यावरच्या जुन्या बर्फखान्यात होतं. माशांचं कोल्ड स्टोरेज. मालकाने भिंती तशाच ठेवून आत टेबलं टाकली होती आणि त्याचं भाडं दुप्पट लावलं होतं. बैठकीची खोली म्हणजे मुख्य शीतघर. हातभर जाडीच्या भिंती, एकही खिडकी नाही, आणि दरवाजा असा की तो लागला की बाहेरचं जग बंद. आत बोललेला शब्द तोंडातून बाहेर पडल्या पडल्या मरायचा. आणि वास. कितीही फिनेल मारा, जरा वेळ बसलं की खारट, शिळा, थंड वास वर यायचाच.

“बुडालेल्यांना इथेच ठेवायचे,” क्लेनेटने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. “पोलीस येईपर्यंत. माशांच्या शेजारी. तुझी खुर्ची आहे ना, साधारण तिथेच.”

मला घाबरवायला सांगितलं असेल. त्याच्या स्वभावात ते बसतं.

त्या खोलीतल्या दिव्यांना बटण नव्हतं. माणूस हलला की लागायचे, कुणी हललं नाही की थोड्या वेळाने विझायचे. मग कुणीतरी हात हलवायचा. एकदा मी एकटी बसले असताना दिवे गेले म्हणून तक्रार केली, तर क्लेनेट म्हणाला, “ते अंगाची ऊब हलताना बघतात, महाराणी. ऊब आणि हालचाल. तुझ्याकडे दोन्ही नाही, त्याला ते बिचारे काय करणार?”

तर त्या सकाळी मी रोल टेबलावर ठेवले. तेविताने दोन उचलले. क्लेनेटने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“एकच काम आहे,” मी म्हणाले. “हळूहळू कमी होणारी हवा. किती मोठं आहे ते ठरवू आणि उठू. काढा पत्ते.”

कामाचा अंदाज आम्ही पत्त्यांनी काढायचो. प्रत्येकाकडे आकड्यांची एक गड्डी. काम जेवढं अवघड वाटेल तेवढ्या मोठ्या आकड्याचा पत्ता उपडा टाकायचा. मग सगळे एकदम उलटायचे, म्हणजे कुणाचं बघून कुणी बदलत नाही. आणि नियम असा की ज्याचा आकडा सगळ्यात कमी आणि ज्याचा सगळ्यात जास्त, त्या दोघांनी कारण सांगायचं. कमीवाल्याने आधी. जो कुणी ही पद्धत वापरतो तो हा नियम पाळतो. मी तर फारच कडक पाळायचे.

पत्ते पडले. उलटले. क्लेनेटचा वीस, तेविताचा तेरा, टेगनचा वीस, माझा आठ. आणि एक शून्य.

“हे कुणाचं?” मी विचारलं.

शून्य म्हणजे यात कामच नाही.

“आपण चौघं आहोत,” तेविता म्हणाला. “पत्ते पाच आहेत.”

“वा, गणित जमलं याला,” क्लेनेट म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काम लवकर संपवा म्हणून मी रोज मागे लागायचे, तर हे मला चिडवायचं नवीन नाटक असणार. “रॉडी, खेळायला वेळ असेल तर कोड लिही.”

“माझ्या गड्डीची पाठ हिरवी आहे. डोळे उघडून बघ.”

मी पाहिलं. आम्हा चौघांच्या गड्ड्यांच्या पाठी चार रंगांच्या होत्या. त्या पाचव्या पत्त्याच्या पाठीला रंगच नव्हता. पाण्यात फार दिवस पडून धुऊन गेल्यासारखी ती फिकट होती. हातात घेतला तर ओलसर लागला.

“परत,” मी म्हणाले. “आणि सगळ्यांचे हात टेबलावर.”

परत पत्ते टाकले. मी डोळ्यांत तेल घालून आठही हातांकडे बघत होते. उलटले. वीस, वीस, वीस, तेरा. आणि मधोमध, ओल्या डागावर, शून्य.

“बस झालं हं रॉडी,” टेगन म्हणाली. “शुक्रवारी माझा भाऊ खाली जाणार आहे. यावर मस्करी नको.”

“मी नाही केली,” क्लेनेट म्हणाला. त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच टोमणा नव्हता, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटली.

भीती वाटली की मी चिडते. तेव्हा मी काय केलं ते ऐक. मी सरळ बसले आणि माझ्या बैठकीच्या आवाजात म्हणाले, “ठीक आहे. नियम म्हणजे नियम. कमी आकडावाल्याने आधी बोलायचं. ज्याने शून्य टाकलंय त्याने कारण सांगावं.”

कुणी हललं नाही. आम्ही चौघंही त्या पत्त्याकडे बघत बसलो. इतके स्तब्ध बसलो की दिवे विझले.

काळोख. खिडकी नसलेल्या खोलीतला, भर सकाळचा काळोख. तो खारट वास एकदम नाकाजवळ आला, त्यात ओल्या रबराचा वास मिसळलेला. हात वर करायचा होता, पण माझा हात मला सापडेना.

“काम नाहीच त्यात…” कुणीतरी म्हणालं. टेबलाच्या पलीकडून, आमच्यापैकी कुणाचाच नसलेल्या आवाजात. सावकाश, नळीतून हवा सुटावी तसं. “तो वर यायचाच नाही…”

टेगन किंचाळली. तेविताने हात झाडला आणि दिवे लागले. टेबलावर रोलची पिशवी होती, आमचे चार पत्ते होते आणि एक ओला डाग होता. शून्य नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी गार्थला फोन केला. गार्थ आमचा मोठा साहेब, मेलबर्नला बसायचा. मी त्याला सांगितलं की शुक्रवारची बुडी रद्द. काम वाटलं त्यापेक्षा मोठं आहे, आणखी एक पंधरवडा लागेल.

“कालपर्यंत तर छोटं होतं,” तो म्हणाला. “आज काय झालं?”

काय सांगणार? एका पत्त्याने सांगितलं म्हणून?

“टीमचा अंदाज बदलला.”

“मार्गो, तुला तिथे टीमचे लाड करायला नाही ठेवलेलं. हा पंधरवडा देतो, पण नंतर जर अलार्म वाजला नाही, तर तिथलं दुकान बंद आणि तू पहिली बाहेर.”

“अलार्म वाजेल,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. खरं सांगते, मला त्याचा इतका राग आला की भीती थोडा वेळ विसरायला झाली.

कॅलन माझ्यावर भडकला. “माझी तारीख तुम्ही ठरवणार? समुद्र काय तुमच्या बैठकीला विचारून शांत होतो?” टेगनने त्याला काहीतरी सांगितलं असावं, कारण नंतर तो हसला आणि तिचे केस विस्कटून गेला. त्या हसण्यासाठी तरी अलार्म वाजायला हवा असं मला मनापासून वाटलं.

आम्ही कामाला लागलो. त्या पंधरवड्याइतकं भांडण आणि त्या पंधरवड्याइतकं काम मी कधी पाहिलं नाही. क्लेनेट लिहायचा, टेगन मोडून दाखवायची, तो शिव्या द्यायचा आणि परत लिहायचा. तेविता बादलीत नळी बुडवून ती हळूहळू पिळत बसायचा. बैठकीच्या खोलीत मात्र कुणी पाय ठेवत नव्हतं. रोजची बैठक आम्ही बाहेर धक्क्यावर, थंडीत उभ्यानेच उरकायचो. आणि एके दिवशी तेविताने नळी पिळली आणि अलार्म वाजला. परत पिळली, परत वाजला. क्लेनेटने स्वतःहून सगळ्यांसाठी कॉफी आणली. माझ्यासाठीही.

ठरल्या शुक्रवारी आम्ही सगळे बोटीवर होतो, ब्रुनी बेटाच्या बाहेरच्या अंगाला. स्वच्छ ऊन, निळं पाणी. कॅलन अर्थातच उशिरा आला होता. पेटीवर त्याच्या श्वासाची रेघ वर जात होती, खाली येत होती. टेगन तिच्यावरून नजर काढत नव्हती.

बराच वेळ सगळं नीट चाललं. मग रेघ हळूच बसायला लागली. डोळ्याला कळणारही नाही इतकी हळू. आणि अलार्म वाजला.

“ओढा!” टेगन ओरडली.

तेविता आणि बोटीवरचा माणूस मिळून दोरी ओढायला लागले. खाली खडकाच्या फटीत नळीला पीळ बसला होता, नंतर आम्ही पाहिला. कॅलन वर आला. लाल दाढीतून पाणी गळत होतं. त्याने स्वतःच्या हाताने मास्क काढला आणि आमच्याकडे पाहिलं. जिवंत! मी क्लेनेटच्या गळ्यात पडले. क्लेनेटच्या! आणि त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, हरवलं आपण त्या शून्यवाल्याला. जो कोण होता त्याला. शून्य म्हणत होता ना? घे म्हणावं.

टेगनने भावाला घट्ट मिठी मारली होती. मग तिने ती हळूहळू सोडली. मी कॅलनचा हात हातात घेतला, तो बर्फासारखा होता. पाण्यातून वर आलेला माणूस थंडच असणार. तो एक शब्द बोलला नाही. दमला असेल.

“मार्गो,” तेविता हलक्या आवाजात म्हणाला. “पेटी बघ.”

मास्क डेकवर पडला होता. नळी गुंडाळून ठेवली होती. आणि पेटीवर रेघ चालूच होती. वर, खाली. वर, खाली. शांत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

क्लेनेटने वायर उपटली. रेघ चालूच.

“बग आहे,” तो म्हणाला. “जुनी नोंद परत परत दाखवतंय.” पण तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

आमच्या धंद्यात बग सापडला की त्याचं काम होतं, आणि काम असलं की त्याचा अंदाज काढायचा असतो. सोमवारी सकाळी पुन्हा जेरी उतरला होता आणि बाहेर उभं राहणं शक्यच नव्हतं. आम्ही त्याच खोलीत बसलो. यंत्र ज्याच्यासाठी बनवतो त्या माणसालाही बोलवायची आमच्याकडे पद्धत आहे, म्हणून कॅलनला निरोप दिला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो आत येऊन बसलेला होता. अंधारात. आम्ही शिरलो तेव्हा दिवे लागले.

“लवकर आलास,” टेगन म्हणाली. त्याने मान हलवली. शुक्रवारपासून तो तिच्या घरी होता. काही खात नाही, नुसता नळाखाली हात धरून उभा राहतो, असं तिने मला दारात कुजबुजत सांगितलं होतं. ती त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसली.

पेटी टेबलाच्या मधोमध होती. तिची बॅटरी क्लेनेटने काढून खिशात ठेवली होती. रेघ वर जात होती, खाली येत होती.

मी कॅलनला पाहुण्यांची पिवळ्या पाठीची गड्डी दिली. माझा आवाज मी कामाचा ठेवला. “पाणबुड्या वर आल्यावरही श्वास दिसतो. किती मोठं काम आहे? काढा पत्ते.”

पत्ते पडले. पाच माणसं, पाच पत्ते. या वेळी एकही जास्त नव्हता. पण कॅलनने टाकलेल्या पत्त्याची पाठ पिवळी नव्हती. तिला रंगच नव्हता, आणि त्याच्याखाली टेबलावर ओल पसरत होती.

उलटले. आमच्या चौघांचे मोठे मोठे आकडे. त्याचं शून्य.

नियम तुला आता ठाऊक आहे. कॅलन माझ्याकडे बघत होता, मी कधी विचारते याची वाट बघत. मी ओठ गच्च मिटून घेतले. काही झालं तरी मी त्याला विचारणार नव्हते. क्लेनेटही हलला नाही, तेविताही नाही. आम्ही सगळे गोठून बसलो, आणि दिवे विझले.

पेटीचा हिरवा उजेड तेवढा राहिला. त्यात रेघ.

“कॅलन…” टेगन म्हणाली. ती त्याच्या खुर्चीकडे बघत नव्हती. ती पेटीकडे बघत होती. “कॅलन, तू आहेस तिथे?”

रेघ एकदम उसळली. भराभर वर, भराभर खाली. झोपेत हाक ऐकून कुणीतरी दचकून जागं व्हावं तशी. धापा टाकत. तोंड झाकलेलं असताना ओरडायचा प्रयत्न करत. आणि मग ती बसायला लागली. हळू… फार हळू… डोळ्याला कळणारही नाही अशी.

आमचा अलार्म वाजायला लागला. एवढ्या मेहनतीने बनवलेला, एकदाही न चुकलेला.

“ओढा…” टेगन पुटपुटली. “कुणीतरी ओढा त्याला वर…”

पेटीच्या उजेडात एक हात पुढे आला. ओला, लाल केसांचा, ओळखीचा हात. सावकाश सगळं टेबल ओलांडून त्याने अलार्म बंद केला, आणि तितक्याच सावकाश तो मागे गेला.

तो हात आमच्या सगळ्यांच्या समोरून एवढा हलला, पण दिवे लागले नाहीत.